चारूच्या पुस्तकांची तपासणी

आमच्या मधुसूदनाला तपासल्याशिवाय पाणीसुद्धा गोड लागत नाही. कंपनीत इन्स्पेक्शन खात्यात आहे. तिथं सुटे भाग तपासतो, घरी आला की माणसं. मंडईतलं वांगं मापाचं गेज लावल्यासारखं फिरवून बघतो आणि परत करायला मला पाठवतो.

त्याची मुलगी, माझी नात चारुलता सहावीत. शाळेची पुस्तकं तिला पुरत नाहीत, म्हणून वाचनालयातून गोष्टी आणायची आणि दुपारी मला वाचून दाखवायची. मला अक्षरं जेमतेम लागतात, गोष्ट मात्र बरोबर लागते. एका गोष्टीतली दरोडेखोराची सून पुरात नावेत बसली, तेवढ्यात मधूने पुस्तक काढून घेतलं. म्हणाला, हुशार मुलीच्या हाती संस्कारक्षम वाङ्मयच गेलं पाहिजे.

त्यासाठी कॉलनीत निवड समिती झाली. मधू, शेजारचे फोरमन हिंदुराव आणि महिला मंडळाच्या सुमनताई. समितीने पास केल्याशिवाय चारूने पुस्तक वाचायचं नाही, असं ठरलं. पण आधी वाचणार कोण? मधूला ओव्हरटाइम, हिंदुरावांना सेकंड शिफ्ट, सुमनताईंकडे भिशी. तेव्हा वाचनात तरबेज म्हणून चारूचंच नाव एकमताने मंजूर झालं. तिने पुस्तक वाचून अहवाल द्यायचा, त्यावरून ते तिने वाचावं की नाही, हे समिती ठरवणार.

मी म्हटलं, अहो, मग वाचून झालंच की.

"मावशी, ती वाचणार न्हाई, तपासणार," हिंदुराव म्हणाले. "क्यान्टीनचा मुकादम चव घेतो, त्याला कुणी जेवण म्हणतं व्हय?"

मधूने तिला लाल पेन्सिल दिली. खोटं बोलणं, उलट बोलणं, विनाकारण रडणं, दिसलं की खूण. भुताची गोष्ट अंधश्रद्धेपायी गेली. देशासाठी लढणारा मुलगा बापाला न विचारता घराबाहेर पडला म्हणून गेला. पास झालं एकच पुस्तक, बॉयलरची निगा कशी राखावी, याचं. त्यात कुणीच खोटं बोलत नव्हतं. सुमनताईंनी ते आपल्या नातवासाठीही मागून ठेवलं.

मधूने काढून घेतलेलं ते दरोडेखोराचं पुस्तकही तपासून झालं, तेव्हा एका दुपारी मी चारूला हळूच विचारलं, त्या सुनेचं पुढं काय झालं गं?

"नावाड्याला खोटं नाव सांगते, आजी. रिजेक्ट."

"अगं, पण पैलतीराला लागली का?"

तिने जरा आठवून पाहिलं. "ते बघायचं नव्हतं."

मधू दारात उभा राहून ऐकत होता. छाती फुगली होती त्याची.

"मधू," मी म्हटलं, "समितीला सांग, काम फत्ते झालं. आता पोरीला खुशाल कुठलंही पुस्तक दे. तुम्हा शहाण्यांसारखं तिलाही आता गोष्ट वाचून काही होणार नाही."