काकाजींचा कूलर

समस्त जनतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, लोहाऱ्यातल्या आमच्या गल्लीत दशरथ काकाजी रोज सकाळी चहाआधी घरोघरच्या विजेच्या मीटरची नाडी पाहतात. हात पाठीमागे, मान वर, डोळे बारीक. मग निदान होतं, "तुयं मीटर लय पळून राह्यलं बाप्पा. कूलरले जरा दम खाऊ दे."

त्यांच्या स्वतःच्या मीटरला पळायचं कारणच नव्हतं. काकी गेल्या, मुलगा पुण्याला. भर मे महिन्यात त्यांचा भलामोठा लोखंडी कूलर चादर पांघरून उभा. विचारलं तर म्हणायचे, "एकट्यासाठी कायले एवढा गोंगाट?"

यंदा माझं झेरॉक्सचं दुकान कॉलेजांबरोबर सुट्टीवर गेलं आणि विजेचं बिल थकलं. मी त्यावर शास्त्रशुद्ध उपाय केला. बिल फ्रिजखाली सरकवलं.

काकाजींना सुगावा लागलाच. "लपू नको, भिड. लाईन कापाच्या आधी लाईटच्या ऑफिसात जा, हप्ते पाडून घे. रडगाणं गाऊ नको. आज एवढे भरतो, बाकीचे असे असे भरतो, येवढंच बोल."

"उद्या जातो, काकाजी," मी म्हणालो. हा उद्या मी बरेच दिवस निष्ठेने पाळला.

शेवटी लाईनमनच आला. मी कूलरमागे दडलो. बायको दारातून म्हणाली, "ते बाभुळगावले गेले." तो बिचारा खांबाकडे वळला. लाईन कापली, कूलर घरघरत थांबला, आणि त्या भीषण शांततेत कूलरच्या गवताची धूळ माझ्या नाकात गेली. मला शिंक आली.

"वहिनी," खांबावरून आवाज आला, "बाभुळगावची शिंक चांगली लोहाऱ्यापर्यंत आयकू येते."

पाचच मिनिटांत काकाजी दारात हजर. मला वाटलं, आता उद्धार होणार. पण ते बायकोला म्हणाले, "सूनबाई, पोरी घे, उशा घे, चाल माह्या घरी."

कूलरवरची चादर उतरली. काकाजींनी स्वतः बादल्या ओतल्या, पन्हं केलं, आणि माझ्या दोन्ही पोरींशी पत्ते खेळताना उघड उघड लबाडी केली. जेवताना त्यांच्या घरात एवढी ताटं मांडलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

सकाळी त्यांनी मला ऑफिसात नेलं. मी वाटेत एक हृदयद्रावक भाषण पाठ केलं होतं. "साहेब, आमच्या कुटुंबावर..." इथवर आलो तोच काकाजींनी चिमटा काढला. मग मी सरळ हप्ते मागितले. साहेबांनी पाडून दिले. त्यांचा चहासुद्धा तोवर निवला नव्हता. एवढ्यासाठी मी कूलरमागे दडलो होतो.

पहिला हप्ता भरला, संध्याकाळी लाईन जोडली गेली. बायकोने सामान आवरलं, पोरी पुढे पळाल्या. काकाजी आमची शेवटची उशी काखेत धरून दारात उभे होते. मी हात पुढे केला, ते काही देईनात.

"काळजी करू नका, काकाजी," मी छाती काढून म्हणालो. "आता सारे हप्ते वेळेवर भरतो."

काकाजींनी एकदा मागे कूलरकडे पाहिलं आणि बोलून गेले, "एखादा चुकव ना बाप्पा."