कानबाईच्या राशीतला फोन

मोबाईल सांभाळावा तर या गजेंद्रनंच! सत्त्याण्णव साली सुरतेतल्या अख्ख्या गोडादऱ्यात मोबाईलची सुरक्षा कळणारा एकोणीस वर्षांचा एकच पोरगा होता, तो म्हणजे मी. आमच्या कापडाच्या लूमचे शेठ दोन दिवस मुंबईला निघाले, तेव्हा फोन माझ्याकडे सोपवून बजावून गेले, की रविवारी संध्याकाळी फोन लावून बघेन. तीनदा लावूनही उचलला नाहीस, तर तू तो हरवलास असं समजेन आणि सोमवारी कामावर यायचं नाही.

आमच्या गल्लीत वाळत घातलेली चड्डीसुद्धा टिकत नाही. म्हणून मी फोनला कोड घातला. चोराला ऐकू जाऊ नये म्हणून घंटी बंद करून तो नुसता थरथरता ठेवला. रविवारी सकाळी घरात कानबाई, आम्हा खानदेशींची श्रावणातली नारळाची देवी, बसली, तेव्हा तिच्या नारळाखालच्या गव्हाच्या राशीत तो चामड्याच्या पाकिटासकट गुपचूप पुरला. देवीला हात लावायची चोराची काय बिशाद!

माझीही नव्हती, हे संध्याकाळी कळलं. एकदा बसलेली कानबाई सोमवारच्या विसर्जनापर्यंत हलवत नाहीत.

लाइट गेली होती. समईच्या उजेडात बायका गाणी म्हणत होत्या. एकाएकी राशीतून हिरवट उजेड झिरपला. गहू सळसळले. नथ घातलेला नारळ हळूहळू मान हलवू लागला. गाणं थांबलं. खाली काय आहे ते ठाऊक असूनही माझ्या अंगावर काटा आला. देवीचे डोळे सरळ माझ्याकडेच होते.

शेजारच्या अनुसयाकाकूंनी पदर पसरून विचारलं, आमच्या लखनचं लग्न यंदा जमेल का. नारळ पुन्हा थरथरला. काकू तिथंच आडव्या झाल्या. मी हळूच राशीकडं हात नेला, तर आईनं मनगटावर असा फटका दिला, की बोटं बधिर झाली. देवीखाली चामडं ठेवलंय हे सांगितलं असतं, तर नारळाच्या आधी माझंच विसर्जन झालं असतं.

मग आई स्वतः पुढं झाली. तिनंही पदर पसरला.

"माय, मना पोऱ्यानी नोकरी टिकी का?"

बराच वेळ काहीच नाही. मग उजेड उमटला आणि नारळ जोरजोरानं मान हलवू लागला. सगळ्यांनी हात जोडले. आईनं मला पोटाशी धरलं आणि मी हमसून हमसून रडलो. देवी पावली म्हणून रडतोय, असं सगळ्यांना वाटलं.

तिसरा फोन होता तो.