गुरीचा गुप्त उपवास

स्वेरे बोटीवरून आला तो माशांच्या खवल्यांनी माखलेले बूट तसेच पायात ठेवून, आणि थेट स्वयंपाकघराच्या मधोमध जाऊन उभा राहिला. तिथली लाकडी जमीन गुरीने नुकतीच गुडघ्यांवर बसून घासली होती. आपण काय करून बसलो हे लक्षात येताच स्वेरेने डोळे गच्च मिटले आणि खांदे कानांपर्यंत वर घेतले. तेहेतीस वर्षांच्या संसारात वादळ कधी येणार हे त्याला आकाशाकडे न बघताही कळायला लागलं होतं.

वादळ आलंच नाही.

"असू दे रे," गुरी म्हणाली. "पुसते मी. दमला असशील. कॉफी टाकू?"

स्वेरेने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग त्याने हळूच मागे पाऊल टाकलं, बाहेर जाऊन बूट काढले, आणि बराच वेळ तो पायरीवर नुसता बसून राहिला.

त्याचं असं झालं होतं : आदल्या दिवशी राखेचा बुधवार होता, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाचा पहिला दिवस. बेटावरच्या पांढऱ्या चर्चमध्ये थोरा पाळकबाईंनी संदेशात सांगितलं होतं, "या उपवासकाळात चॉकलेट सोडू नका. चॉकलेटने तुमचं काय बिघडवलंय? त्यापेक्षा घरच्या माणसांना लावून बोलणं सोडा. चाळीस दिवस." ते ऐकताना सगळी मंडळी आपल्याच मानेकडे बघतेय असं गुरीला वाटलं. बघत कोणीच नव्हतं, पण तिची मान तापली. गुरी जीव लावणारी बाई होती, शेजारच्या आजारी म्हातारीला डबा नेऊन देणारी होती. पण तिची जीभ म्हणजे मासे कापायची सुरी. तिने तिथेच ठरवलं. आणि उपवास करावा तो गुप्तपणे, उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नये, असं खुद्द प्रभूनेच सांगून ठेवलंय. म्हणून तिने कोणालाही सांगितलं नाही. सगळा घोटाळा झाला तो इथे.

पहिले दोन दिवस तिला जीभ अक्षरशः दातांखाली धरावी लागली. तिसऱ्या दिवशी मात्र एक नवल घडलं. न बोललेल्या वाक्यांची जागा घरात रिकामी पडली होती, आणि त्या जागेतून बारीक बारीक आवाज येऊ लागले. छपरावरचं बर्फ वितळून पन्हळीतून ठिबकत होतं. धुक्यात कुठेतरी समुद्रबदकं घुमत होती. समोरचा डोंगर त्या धुक्याने सकाळीच गिळून टाकला होता, आणि हात भांड्यांच्या कोमट पाण्यात ठेवून खिडकीबाहेर बघताना गुरीला वाटलं, आपलं घर किनाऱ्यापासून सुटलंय आणि हळूहळू तरंगत कुठेतरी चाललंय. इतकी वर्षं या घरात राहतोय, पण आलो जणू आजच. ती स्वतःशीच हसली.

दारातून स्वेरेने हे बघितलं आणि तो दबक्या पावलांनी मागे सरला.

त्यातच त्याला घड्याळामागे खोचलेलं पत्र दिसलं. इस्पितळाचं. नाव गुरीचं. दुसऱ्याचं पत्र वाचणारा माणूस तो नव्हे; त्याने ते फक्त उजेडासमोर धरलं. "तपासणी" एवढा एकच शब्द दिसला. त्याच्या आईचे कागद गुरीच्या नावावर यायचे; पत्र खरं तर आईच्या कानातल्या यंत्राविषयी होतं, पण ते पाकिटाच्या आत होतं आणि स्वेरे बाहेर.

पुढच्या गुरुवारी त्याने बोटीच्या शेडमध्ये जाऊन बर्गन शहरात राहणाऱ्या मुलीला फोन लावला.

"मारित, तुझी आई ओरडत नाही."

"म्हणजे?"

"अजिबात नाही. आठवडा झाला. काल मी मुद्दाम बूट घालून कोचावर आडवा झालो."

"मग?"

"तिने माझ्या अंगावर पांघरूण घातलं."

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग मारित म्हणाली, "मी शनिवारच्या बोटीने येते, बाबा."

तळमजल्यावरच्या खोलीत स्वेरेची आई राहायची. ओलिना. वय एकोणनव्वद. सुनेशी रोज दुपारी सुपावरून भांडण हा तिचा तीस वर्षांचा व्यायाम होता. तो एकाएकी बंद पडला.

"सूप अळणी आहे," ओलिना म्हणायची.

"हो का, सासूबाई? उद्या घालते हं मीठ."

ओलिनाने चमचा खाली ठेवला. तिचा नवरा शेवटच्या आजारात होता तेव्हा तीही अशीच त्याच्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती. मरणाऱ्या माणसाशी कोण वाद घालणार? शनिवारी मारित अचानक येऊन डोळे पुसत गळ्यात पडली, तेव्हा तर आपली वेळ आलीय याची ओलिनाला खात्रीच पटली. तिने छातीवरची चांदीची पिन काढून नातीच्या हातात ठेवली, केस विंचरून घेतले आणि उताणी झोपली.

राहता राहिली गुरी. मुलगी न कळवता आलेली. नऊ वर्षं मागे लागूनही न रंगवलेलं स्वयंपाकघराचं दार नवरा आपणहून रंगवतोय. आपण खोलीत शिरलो की दोघंही गप्प. गुरीला आठवलं, शरद ऋतूत आपण रक्त तपासून घेतलं होतं. डॉक्टरांनी या दोघांना काहीतरी सांगितलंय. एरवी तिने टेबलावर मूठ आपटून विचारलं असतं, "काय लपवताय रे माझ्यापासून?" पण तसं विचारणं उपवासात बसेना. तिने अगदी मऊ आवाजात विचारलं, "मला काही सांगायचंय का, बाळा?"

तो मऊ आवाज ऐकून मारित ओक्साबोक्शी रडायला लागली.

रविवारी दुपारी थोरा पाळकबाई आल्या. ओलिनाने मरणाआधीच्या शेवटच्या प्रभुभोजनासाठी बोलावणं पाठवलं होतं. ओसरीतच स्वेरेने त्यांची बाही धरली. "कोणाला बोलू नका, पण गुरीने तुम्हाला सांगितलं असेल ना? किती दिवस आहेत तिच्याकडे?" पाळकबाई काही बोलायच्या आत तो रंगाचा डबा घेऊन पसार झाला. स्वयंपाकघरात गुरीने त्यांचा हात हातात घेतला. "मला काय झालंय ते तुम्हाला ठाऊक आहे. सांगू नका. माझी तयारी आहे. फक्त बटाटे कुठल्या खोक्यात असतात तेवढं नंतर स्वेरेला दाखवा, त्याला नाही सापडायचे." आतल्या खोलीत ओलिना म्हणाली, "मरायचं मला भय नाही, बाई. पण सून इतकी गोड बोलते, ते आता सोसवत नाही."

पाळकबाई पलंगाच्या कडेला बसल्या. घरात तीन मरणं होती आणि आजारी कोणीच दिसत नव्हतं. त्यांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले, पण नेमकं काय मागावं ते त्यांना सुचेना.

तेवढ्यात स्वेरे धुण्याच्या खोलीतून स्वयंपाकघरात आला. बायकोचे कष्ट कमी करायचे म्हणून त्याने सगळे कपडे स्वतः धुतले होते. त्याच्या हातात एक निळं-पांढरं स्वेटर होतं. गुरीने मारितसाठी सबंध हिवाळाभर विणलेलं. आता ते एखाद्या मांजराला बरोबर झालं असतं.

"कडकडीत पाण्यात टाकलं," स्वेरे अभिमानाने म्हणाला. "चांगलं स्वच्छ निघावं म्हणून."

गुरीने स्वेटर हातात घेतलं. उलटून पाहिलं. तिचे ओठ हलले, बहुधा प्रार्थनाच असावी. पण ती कुठेतरी अर्ध्यावर अडली.

"अरे गाढवा! लोकर उकळतात का कधी? चार महिने डोळे फोडले मी याच्यावर! आणि ते दार! दाराबरोबर कडीपण रंगवलीस, आता ते उघडायचं कसं, चिमट्याने? आणि तू गं मारित, दोन दिवस नळासारखी गळतेयस, ती माझ्या इस्त्रीच्या टेबलक्लॉथमध्ये! आणि सासूबाई, सूप अळणी नाहीये! तुम्ही खोकल्याची गोळी चघळत जेवता, मग चव कशी लागणार?"

पन्हळीतून एक थेंब पडलेला ऐकू आला.

मग आतल्या खोलीतून खणखणीत आवाज आला. "अळणीच आहे!" आणि पाठोपाठ ओलिना स्वतःच्या पायांनी चालत दारात येऊन उभी राहिली.

स्वेरे रंगलेल्या हातांनी तोंड झाकून स्टुलावर बसला होता. त्याचे खांदे हलत होते. मारित हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "आई बरी आहे," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बाबा, आई अगदी बरी आहे!"

मग पाकीट फोडलं गेलं, कानाच्या यंत्राचा उलगडा झाला, आणि गुरीला आपला उपवास उघड करावा लागला. सांगता सांगता तिने ते आटलेलं स्वेटर हातात पिळलं. "अकरा दिवस. चाळीस सांगितले होते, आणि माझे अकरातच संपले. घरच्यांशी गोड बोलले तर त्यांना वाटतं, मी मरतेय. काय ही माझी ख्रिस्ती वागणूक!"

"आज रविवार," थोरा पाळकबाई म्हणाल्या. "उपवासकाळात रविवार मोजत नाहीत, गुरीबाई." त्या हसल्या, आणि मग हसू आवरून म्हणाल्या, "पण मला सांगा, या घरात कोणीच कोणाला विचारलं कसं नाही?"

स्वेरेने हातांवरचा रंग विजारीला पुसला.

"मी घाबरलो होतो, गुरी. इतका, की विचारायला तोंडच उघडेना." त्याने मान खाली घातली. लग्नातल्या शपथेनंतरचं त्याचं हे सर्वांत लांब बोलणं होतं. "मीही सोडतो काहीतरी. गप्प बसणं सोडतो. ईस्टरपर्यंत."

आणि त्याने ते खरोखर सोडलं. रोज संध्याकाळी, डोंगरावरचा उजेड निळा होत जाताना, तो बोलायचा. जाळं ओढताना मनात काय येतं ते. वडील समुद्रावरून परतले नाहीत त्या दिवसाबद्दल. फेरीबोटीवर पहिल्यांदा हिरव्या कोटातली गुरी दिसली, त्याबद्दल. सुरुवातीला तिच्या हातातल्या सुया थांबायच्या. लोकर मांडीवर तशीच राहायची आणि खिडकीबाहेर समुद्र दुधासारखा पसरलेला असायचा. चौथ्या आठवड्यात मात्र तो बोटीच्या इंजिनाच्या प्रत्येक खिळ्यावर आला, आणि गुरी अंडी गोळा करायच्या निमित्ताने कोंबड्यांमध्ये जाऊन बसू लागली. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी तिने पाळकबाईंना हळूच विचारलं, "हे उपवास कधी लवकर संपतात का?"

ईस्टरच्या दिवशी उपासनेहून परतल्यावर टेबलावर कोकराचं मटण होतं, खिडकीत पिवळी फुलं होती, आणि धुकं विरून डोंगर पुन्हा समोर उभा होता. मारितही नवं, साधं पण मापाचं स्वेटर घालून आली होती. स्वेरे बसला, बटाटे वाढून घेतले आणि म्हणाला, "हं."

पुढे काही नाही. उपवास संपला होता.

गुरीने वाट पाहिली. मटण झालं. बटाटे झाले. कोवळं ऊन पांढऱ्या टेबलक्लॉथवरून सरकत तिच्या ताटापाशी आलं. शेवटी तिने काटा खाडकन खाली ठेवला.

"स्वेरे! तोंडात बोळा कोंबलाय का? तीन दिवस सांगतोयस त्या बगळ्याचं, बोटीच्या टोकावर येऊन बसतो म्हणून. मग पुढे काय झालं त्याचं?"

स्वेरेने घास गिळला, तोंड पुसलं, आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली.

"कुठपर्यंत आलो होतो मी?" तो म्हणाला.