फर्माईशीची जीप

आधीच सांगते, माझ्या लिहिण्यात चुका असतील. चौथीपर्यंतच शाळा झाली. अक्षर तर असं की मी लिहिलेली किराण्याची चिठ्ठी दुकानदार परत माझ्याकडूनच वाचून घेतो. पण ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे तो सरळ आहे, त्यामुळे निभेल असं वाटतं.

माझे दुसरे वडील रमणभाई डहाणू ते तलासरी जीप चालवायचे, आणि गाणं संपल्याशिवाय जीप थांबवायचे नाहीत.

जीपमध्ये त्यांनी स्टीलची एक वाटी चिकटवली होती. वाटीत पाच रुपये टाकले की आपल्या आवडीचं गाणं लागायचं. एकदा लागलं की फाटा येवो, नाका येवो, कुणी छपरावर थापा मारो, जीप पुढेच जायची. "शांती राखो, गाणं चालू आहे," एवढंच ते म्हणायचे. गाणं संपलं की नीट बाजूला घेऊन थांबायचे आणि "उतरा" म्हणायचे. मग माणसं उतरून, आलेल्या रस्त्याने चालत मागे जायची.

यात त्यांना विचित्र काही वाटत नसे. "गाडी थांबली की उतरणारे सुट्ट्यावरून भांडतात. पैसे देणाऱ्याचं कडवं जातं. पैसे पूर्ण घेतले, मग गाणं अर्धं कसं देऊ?"

आमच्या शाळेचे गुरुजी याच जीपने यायचे. शाळा रस्त्यालाच होती, पण गुरुजी आठवड्यातून दोन-तीनदा तलासरीच्या बाजूने घामाघूम होऊन चालत यायचे. शेवटी शाळेच्या थोडं आधी ते स्वतःच पाच रुपये टाकायला लागले आणि सगळ्यांत छोटं गाणं मागायला लागले. ते गाणं कुठल्यातरी लहान मुलांच्या सिनेमातलं होतं. गुरुजी रोज ते गंभीर चेहऱ्याने ऐकत.

एकदा एका पिऊन आलेल्या माणसाने पंधरा रुपये टाकले, एकच गाणं तीनदा मागितलं आणि पहिल्या ओळीला झोपला. दुसऱ्यांदा गाणं सुरू झाल्यावर बायका ओरडल्या, "अहो रमणभाई, तो झोपलाय!"

"तो झोपलाय. पैसे नाही झोपले."

तीनही वेळा पूर्ण वाजलं.

खरं तर त्यांना त्या वेळची गाणी मुळीच आवडत नव्हती. दर शनिवारी ते तलासरीच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन पेनड्राइव्हमध्ये नवीन गाणी भरून आणत, आणि रविवारी अंगणात जीप उभी करून ती सगळी ऐकत. गिऱ्हाइकाला काय विकतो ते आपल्याला माहीत पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ऐकताना चेहरा दाढ दुखत असल्यासारखा.

"या गाण्यात पोरगा चार मिनिटं गाडीची बढाई मारतो. हप्ता कोण भरतो, ते एकदाही सांगत नाही."

"ही बाई पाच मिनिटं जाते, जाते म्हणते. जात नाही."

आई आतून म्हणायची, "अहो, मग लावता कशाला?"

"मला आवडून काय उपयोग? शेठाणीचं देणं आहे."

शेठाणी म्हणजे मी. तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

माझे पहिले वडील नरपड गावचे. ते वारल्यावर त्यांच्या वाट्याचे साठ हजार रुपये काकांनी, म्हणजे त्यांच्या मोठ्या भावाने, माझ्या लग्नासाठी आईकडे दिले होते. दोन हजार चौदा साली आईने रमणभाईंशी लग्न केलं. तोवर ते दुसऱ्याची जीप चालवायचे. आईने त्या पैशांतून त्यांना एक जुनी जीप घेऊन दिली. काकांना हे कळलं तेव्हा ते चार माणसं घेऊन आमच्या अंगणात आले. म्हणाले, "बाई, तू तुझं लग्न केलंस, आम्ही काही म्हणत नाही. पण पोरगी आमच्या घरची आणि पैसाही आमच्या घरचा. पाच वर्षांत साठ हजार पूर्ण दिसले नाहीत, तर पोरीला आम्ही नरपडला घेऊन जाऊ."

आई रडायला लागली. रमणभाई म्हणाले, "बराबर आहे."

लोकांना वाटलं, माणूस खुळा आहे. त्यांनी मात्र त्याच आठवड्यात ती वाटी चिकटवली. भाड्याचा पैसा घराचा, फर्माईशीचा पैसा माझा. रविवारी ते वाटीतली चिल्लर माझ्यासमोर ओतायचे आणि मांडी घालून बसायचे. "शेठाणी, मोजून घ्या." घरात सगळे मला अगं-तुगं करत, हे एकटे अहो-जाहो. सावकाराला अगं म्हणत नाहीत, असं त्यांचं मत होतं. मी खाली मान घालून मोजायचे आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. डबा जड झाला की आई किराणावाल्याकडून नोटा करून आणायची.

त्यांना हाक काय मारायची, हा माझा मोठा प्रश्न होता. बाबा म्हणवेना. काका म्हणावं तर खरे काका डोळे वटारायचे. म्हणून मी काहीच म्हणत नसे. काम असलं की जवळ जाऊन खोकायचे. त्यांनी आठवडाभर पाहिलं आणि तलासरीहून औषधाची बाटली आणली. मी नको म्हणू शकले नाही. पुढची दोन वर्षं घरात कुणालाही काही झालेलं नसताना मी खोकल्याचं औषध पीत होते.

काका दर दिवाळीला यायचे. चहा घ्यायच्या आधी डबा कानाशी धरून हलवायचे. आतल्या नोटा वाजत नाहीत, हे रमणभाई दरवर्षी त्यांना समजावून सांगत. काका म्हणायचे, "तरी हलका वाटतो."

मग सगळ्यांच्या हातात नवे फोन आले आणि त्यात फुकट गाणी आली. जीप भरलेली असायची, पण प्रत्येकाच्या कानात आपापलं गाणं. थापा नाहीत, भांडणं नाहीत. गुरुजी शाळेच्या दारात वेळेवर उतरायला लागले. रमणभाई आरशात बघून विचारायचे, "कुणाला काही लावू?" कुणाला ऐकूच जात नसे. रविवारी वाटीत एखादं नाणं निघे. ते एक नाणंसुद्धा माझ्यासमोर ओतायचे. "शेठाणी, मोजून घ्या."

त्या दिवाळीला काकांनी डबा हलवला नाही. उघडून पाहिला. "चार वर्षं झाली. अजून वीस हजार कमी. पोरीचे कपडे एका पिशवीत काढून ठेवा."

दुसऱ्या दिवसापासून रमणभाई पहाटे उठून धाकट्या डहाणूच्या बंदरावर जायला लागले, कोळणींना आणि त्यांच्या टोपल्यांना तलासरीच्या बाजारात आणायला. हे ऐकून आईच घाबरली, कारण या माणसाला मासळीचा वास सहन होत नसे. घरात बोंबील भाजले तर ते अंगणापलीकडे जाऊन उभे राहत. आता ते नाकाला कापराचा रुमाल बांधून जीप चालवत होते आणि मधे थांबून उलटी करत होते. अर्थात गाणं संपल्यावर.

त्यांनी पाहून ठेवलं होतं की कोळणींचे हात मासळीचे असतात. बाजार होईपर्यंत त्या फोन कमरेच्या पिशवीतून काढत नाहीत. मग गाण्यासाठी त्यांना वाटीच.

हिराबाय नावाची म्हातारी पुढे बसायची. मी एकदा बरोबर गेले होते तेव्हा तिचा नाका मागे पडला.

"मेल्या रमण, माजा नाका गेला!"

"मावशी, शेवटचं कडवं आहे."

"कडवं तुज्या बायकोला ऐकव! माजी मासली बर्फात नाय, टोपल्यात हाय!"

"फर्माईश तुमचीच आहे, मावशी."

हिराबायने जरा कान देऊन ऐकलं. "हां. माजीच हाय," ती म्हणाली आणि गप्प बसली. उतरताना तिने आणखी पाच रुपये टाकले. "उद्याचं आज देऊन ठेवते. लांबचं लाव. आणि तोंड धू, हिरवा पडलास."

घरी आल्यावर ते अंगणातच साबणाने दोनदा अंघोळ करायचे, मगच आत यायचे. जेवायचे नाहीत. वर्षभरात ते इतके बारीक झाले की आईने त्यांच्या पँटी दोन्ही बाजूंनी आत घेतल्या.

दोन हजार एकोणीसच्या दिवाळीला काका आले. रमणभाईंनी डबा त्यांच्यासमोर पालथा केला. काकांनी चटईवर नोटांचे ढीग लावले. मी दाराच्या मागे उभी होते. माझ्या कपड्यांची पिशवी खुंटीला होती. काकांनी एकदा मोजलं, मग बोट ओलं करून परत मोजलं.

"पाच रुपये जास्त आहेत."

"ते साठ हजारांतले नाहीत. वेगळे आहेत," रमणभाई म्हणाले.

"कसले?"

"लग्नाच्या आधी ही एकदा आईबरोबर जीपमध्ये बसली होती. तेव्हा वाटी नव्हती, फर्माईशीचे पैसे लोक हातात द्यायचे. मी कोण ते हिला माहीत नव्हतं. ड्रायव्हरच्या मागे उभी राहिली, तोंडाने काही बोलेना, नुसतं पाचचं नाणं माझ्या खांद्यावर ठेवलं. मी विचारलं कोणतं गाणं, तर बोलेना. मी माझ्या आवडीचं लावलं."

"मग? गाणं वाजवलंत, पैसे तुमचे."

"तेव्हा परकी होती, म्हणून घेतले. घरच्या माणसाच्या फर्माईशीचे पैसे घेत नाही मी."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग पाचचं नाणं बाजूला काढून चटईच्या माझ्या बाजूच्या कडेला सरकवलं, आणि नोटांना रबर लावत आईला म्हणाले, "उद्या हे पोस्टात हिच्या नावावर टाका. पूर्ण आहेत."