आत्याबाईंचे डोळे आणि फितूर कीबोर्ड

"माझ्यासमोर गुन्हा फार वेळ तग धरत नाही," असे म्हणून देवदत्तमामांनी खुर्ची ओढली आणि ते इतक्या संथपणे बसले, जणू त्यांच्या परवानगीशिवाय दिवस मावळणार नव्हता. "निरीक्षण ही माझी सवय नाही पूर्वा, प्रकृती आहे. लोक बघतात. मी जाणतो. सांवेर रोडच्या कारखान्यात विचार कोणालाही."

पूर्वाने कोणालाही विचारले नव्हते. मामांनी त्या कारखान्याच्या पॅकिंग विभागात आयुष्य काढले होते आणि तिथे एकच प्रकरण धसास लावले होते: चोरीला गेलेला जेवणाचा डबा. तो त्यांच्याच स्कूटरच्या डिक्कीत सापडला, होताही त्यांचाच. "गुन्हेगार कितीही जवळचा असो, मी पाठीशी घालत नाही," एवढाच त्या प्रकरणाचा सारांश ते सांगत.

आजचे प्रकरण मात्र पूर्वाच्या मुळावर आले होते. दसरा कालच झाला होता. आज सकाळी ती कॉम्प्युटरसमोर बसली तोच बंटी भियांचा फोन आला. भिया म्हणजे इकडचे भाऊ; ते लग्नांचे फोटो काढत आणि सुधारायला पूर्वासारख्यांकडे देत.

"पूर्वाजी, साखरपुड्याच्या अल्बममध्ये एकच टेंशन आहे. नवऱ्यामुलाच्या आत्याजी. हर फोटोत डोळे बंद! त्या म्हणून राहिल्यात, असा अल्बम छापला तर मी लग्नाला येणार नाही. आत्याजी नाही तर पार्टी गेली समजा. शामपर्यंत डोळे उघडून द्या, लग्नांचा पूरा सीझन तुमचा."

सीझन मिळाला नाही, तर पुन्हा पासपोर्टच्या फोटोंमागची भिंत पांढरी करत बसायचे, हे त्यांनी सांगितले नाही. ते पूर्वाला ठाऊक होते.

काम तसे रोजचेच होते. एका फोटोवर दुसरा अंथरायचा, त्यावर मास्क नावाचा अदृश्य पडदा टाकायचा. पडदा काळा केला की वरचा फोटो झाकला जातो, आणि त्यात पांढऱ्या रंगाने जेवढे रंगवावे तेवढेच दिसू लागते. पडदा एका फटक्यात काळा करायला कंट्रोल आणि आय ही दोन बटणे दाबायची. पूर्वाने दाबली. पडदा काळा झाला नाही. स्क्रीनच्या माथ्यावरून मेनू तेवढा खाली घरंगळला. मग पडदा निरखायला तिने ऑल्ट दाबून मास्कवर क्लिक केले, तर आत्याबाईंच्या भोवती निवडलेला भाग दाखवणाऱ्या तुटक रेषांच्या मुंग्या फिरू लागल्या. सॉफ्टवेअर बंद करून उघडले, कॉम्प्युटर बंद करून उघडला, सेटिंग मुळापासून नवी केली. मुंग्या फिरतच राहिल्या. माउसने मेनू चाळत हे सारे करता आले असते, पण आत्याबाई जवळजवळ प्रत्येक फोटोत होत्या; त्या वेगाने डोळे उघडेपर्यंत लग्नच लागून गेले असते.

"वस्तूंनाही मन असतं," मामा स्क्रीनकडे पाहत खोल आवाजात म्हणाले. "तू कंट्रोल दाबतेस आणि कंट्रोल तुझ्याच हातून सुटतो. किती एकाकी आहे हे."

"मामा, एकाकी नाही, अर्जंट आहे."

"शांत राहा. कोणावर संशय?"

"कोणावरच नाही. शॉर्टकट चालून नाही राहिले, बस."

"म्हणजे सगळ्यांवर." मामांनी भिंग काढले आणि कीबोर्डवर ओणवे झाले. डाव्या कोपऱ्यात त्यांचा श्वास अडकला. "रक्त!"

"कुंकू आहे ते. खंडेनवमीला आईने पूजा केली कीबोर्डची."

"मग त्याचा तपासाशी संबंध नाही," मामांनी तत्काळ निकाल दिला आणि पहिला सिद्धान्त मांडला: प्रतिस्पर्धी स्टुडिओने वायरमधून विषाणू सोडला आहे. पूर्वाने इंटरनेटची वायर उपटली. मुंग्या फिरतच राहिल्या. दुसरा सिद्धान्त अधिक गहन होता: आत्याबाईंनी डोळे जाणूनबुजून मिटले असून त्यांची इच्छाशक्ती फाइलीत उतरली आहे. पडताळणीसाठी दुसऱ्या बाईंचा फोटो उघडला. त्या बाईंच्या डोळ्यांत टपोरी उत्सुकता होती. मुंग्या तिथेही फिरल्या.

"म्हणजे बाई एकट्या नाहीत, टोळी आहे," मामा म्हणाले. विचाराच्या भरात त्यांचा उजवा अंगठा कीबोर्डच्या उजव्या अंगाच्या कंट्रोलवर पडला आणि बोट आयवर. पडदा क्षणात काळाभोर झाला.

"मामा! चाललं! काय केलं तुम्ही?"

"काही नाही," मामांनी हात झटकला. "अपवाद आहे. अपवादापाशी थांबतो तो हौशी माणूस."

एव्हाना ऊन खिडकीतून उतरून समोरच्या गच्चीवर गेले होते. बंटी भियांचे तीन फोन येऊन गेले होते आणि चौथा पूर्वाने उचलला नव्हता. तिचे डोळे भरून आले. नेमक्या त्याच वेळी तिची आई, शारदाताई, चहा घेऊन आल्या. शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि अजूनही घरातल्या प्रत्येक वस्तूला जागेवर बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"काय झालं गं?"

"आई, कंट्रोल दाबला की ऑल्टचं काम होतंय, ऑल्ट दाबला की कंट्रोलचं!"

शारदाताईंनी कप ठेवला. "उलटे बसले असतील मग."

पूर्वा खुर्चीसकट आईकडे वळली.

"पूजेच्या आधी डाव्या कोपऱ्यातली तीन बटणं काढून घासली मी. तिथेच किती मळ होता! वाळवून परत बसवली."

"कशी बसवली?"

"अशीच, नीट. खिडकीचं चित्र वेगळं होतं, ते देव्हाऱ्यात बसवतात तसं मधोमध. उरली दोन, दिसायला सारखीच. मग हजेरीच्या क्रमाने लावली. ए आधी येतो, सी नंतर."

पूर्वा बटणे वाचून दाबत असे. तिच्या कोर्समध्ये शॉर्टकट शिकवले होते, टायपिंग नव्हे. तिने नखाने दोन्ही बटणे उचकटली, अदलाबदल केली आणि दाबली. पडदा आज्ञाधारकपणे काळा झाला.

"देवदत्त, तुला दिसलं नाही? सकाळपासून बघून राहिला आहेस ना?" शारदाताईंनी विचारले.

"मी गुन्हेगाराला स्वतःहून बोलतं केलं, ताई," मामा म्हणाले आणि त्यांनी चहा ओढला.

आता उघडे डोळे हवे होते. पूर्वाने अल्बमबाहेर राहिलेलेही सगळे फोटो धुंडाळले. आत्याबाईंचे डोळे फक्त एका फोटोत उघडे सापडले: पंगतीत वाढपी गुलाबजामांचे पातेले घेऊन त्यांच्या पानाजवळ वाकला होता, आणि त्या वर पाहत होत्या. नजर विशाल होती, ओली होती, तिच्यात अपार जिव्हाळा होता. निवडीला वाव नव्हता. पूर्वाने तेच डोळे प्रत्येक फोटोत बसवले आणि दिवेलागणीला अल्बम पाठवून दिला.

थोड्याच वेळात बंटी भियांचा फोन आला. आवाज कातर होता. "पूर्वाजी, कमाल! आत्याजी खूश. आणि मुलीच्या आईचा फोटो आहे ना आत्याजींबरोबर? त्या रडून राहिल्या. म्हणाल्या, विहिणीने इतक्या मायेने कधी बघितलंच नव्हतं. दोघींचं जुनं भांडण सगळं मिटलं! सीझन तुमचा."

पूर्वाने फोन ठेवला आणि पहिल्यांदाच पाठ टेकली. मामा मात्र भिंग घेऊन स्क्रीनवरच्या त्या दोन विहिणींवर केव्हाचे झुकले होते.

"सावध राहायला हवं," ते हळूच म्हणाले. "ही बाई हिला खाणार आहे."

मामांचा हा पहिलाच निष्कर्ष होता, जो सत्याच्या इतका जवळ पोचला होता. पूर्वाने फाइल बंद केली.