पाळणाघराची तपासणी

"उद्या एक जरी पोर गैरहजर राहिलं, तर वाढीव अनुदान गेलं म्हनून समजा!" असं सोनीबाईनं वस्तीवरच्या दारोदार जाऊन बजावलं आणि घोटाळ्याला तिथंच सुरुवात झाली.

तळेघरजवळच्या त्या वस्तीवर सोनीबाई आठ वर्षं पाळणाघर चालवत होती. आया भाताच्या लावणीला गेल्या की त्यांची पंचवीस पोरं तिच्या एका खोलीत. सरकारी अनुदानात खिचडी भागायची, दुधाला काही उरत नसे. यंदा सरकारनं अनुदान वाढवलं होतं. फक्त तपासणीला येणाऱ्या बाईंची सही हवी होती.

दुसऱ्या दिवशी पंचवीसच्या पंचवीस पोरं न्हाऊन, पावडर थापून हजर झाली. पण पोर वेळेवर पोचावं, धुतलेलं झबलं मळू नये, या काळजीनं त्यांच्या आयाही आल्या आणि आपापलं पोर मांडीवर घेऊन ऐटीत बसल्या.

दहाच्या एसटीनं स्नेहल म्याडम आल्या. नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झालेले. चपला चिखलात बुडालेल्या, पण हातातला फॉर्म कोरडा.

"या सगळ्या कोण?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"पोरांच्या आया," सोनीबाई कौतुकानं म्हणाली.

"आई कामावर जात असेल तरच अनुदान मिळतं. इथं तर प्रत्येक मूल आईच्या मांडीवर आहे. मी लिहू काय?"

सोनीबाई गर्रकन वळली. "बायांनो, उठा! खाचरात जा!"

"आगं, पर आमी नव्या साड्या नेसलोय," बायडाबाई म्हणाली.

"साड्यांसकट जा!"

आया उठल्या आणि पंचवीस पोरांनी एकदम भोकाड पसरलं. रोज ती एकेक करून यायची, एकेकाची समजूत निघायची. आज सगळ्यांच्या आया एकाच वेळी चालल्या होत्या. सोनीबाईनं दोघांना कडेवर घेतलं, तिसरं पायाला बिलगलं. सगळ्यांत धाकटा भिका दाराकडं रांगत सुटला.

"म्याडम, त्येला धरा!"

म्याडमनी फॉर्म टाकला आणि भिकाला उचललं. ते पाहून आणखी दोन पोरी येऊन त्यांच्या ओढणीला लोंबकळल्या. म्याडम खाली बसल्या, थोपटू लागल्या. बऱ्याच वेळानं भिका मांडीवर झोपला, दोन्ही अंगांना एकेक डोकं टेकलं. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला.

"माझी परतीची गाडी!"

"उठलात तर परत रडंल त्यो," सोनीबाई कुजबुजली. "पुढली पाचला हाये."

म्याडम उठल्या नाहीत. भिकाला थोपटत म्हणाल्या, "हे तुम्ही रोज एकट्या करता?"

"आठ वर्सं झाली. रोज एवढा गोंधळ नसतो पर."

म्याडमनी खुणेनं फॉर्म मागितला. मांडीवर जागा नव्हती. मग सोनीबाई पुढ्यात पाठ करून वाकली आणि तिच्या पाठीवर फॉर्म ठेवून म्याडमनी सही केली.

चारच्या सुमाराला नव्या साड्या चिखलानं माखून आया परतल्या. बायडाबाई दारातूनच ओरडली, "काय झालं गं तपासनीचं?"

सोनीबाईनं ओठांवर बोट ठेवलं. "झाली सही. पर हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय."

"भिकाचा?"

"त्यो कवाच उठून खेळतोय. म्याडमचा."