कांद्याची कवायत

परिपत्रक आलं तेव्हा रंगराव मास्तर शाळेच्या आवारात शिरलेली म्हैस हाकलत होते. सात वर्षांपूर्वी, म्हणजे सन पन्नासला, ते ड्रिल मास्तर म्हणून साताऱ्याकडून चाकणजवळच्या या शाळेत आले. तेव्हापासून घंटा देणं, देवी टोचायला मुलांची रांग लावणं आणि गुरं हाकलणं ही तीन कामं त्यांनी चोख केली होती. ड्रिल तेवढं कुणी घेऊ दिलं नव्हतं. ड्रिलचा तास आला की गणिताचा पोर्शन हमखास मागे पडलेला असायचा.

"रोज अर्धा तास सर्व मुलांकडून व्यायाम करून घ्यावा," हेडमास्तरांनी वाचून दाखवलं.

"घ्यावा की," रंगराव म्हणाले. "मागं लाठ्यांचा असाच कागद आला होता. लाठ्या अजून यायच्यात. लावा फायलीला."

"शेवट तर ऐका. तपासणीत कार्यक्रम समाधानकारक दिसल्यास हंगामी ड्रिल शिक्षकास कायम करण्यात येईल."

"बघू बघू तो कागद!"

दर जूनला नेमणुकीचं नवं पत्र हातात पडेपर्यंत त्यांची बायको यशोदाबाई ट्रंकेतली भांडी बाहेर काढत नसे. रंगरावांनी त्याच रविवारी देहूरोडच्या बाजारातून जुने लष्करी बूट आणले आणि सोमवारी कवायत सुरू केली. खरं सांगायचं तर लोभापायीच केली. पण आठवडाभरात दीडशे पोरं एका आकड्यावर एकदम हात वर करू लागली. आपण खरोखरच मास्तर आहोत असं त्यांना सात वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

व्यायामानं जे व्हायचं तेच झालं. मुलांना भूक लागू लागली. दुपारची भाकरी सकाळी दहालाच संपू लागली आणि संध्याकाळी घरी गेलेलं पोर आडवं झालं की उठेना. दिवस ऐन कांदा काढणीचे. सरुबाई पोराचा दंड धरून शाळेत आली.

"मास्तर, ह्याची समदी ताकद तुमीच काढून घेता. घरी आला की मढ्यावानी पडतोय. कांद्याची पात कोन कापनार, तुमी?"

मागोमाग शाळा समितीचे कोंडाजी आले. त्यांच्या कांद्याची रास गावात सर्वांत मोठी, त्यामुळे शिक्षणातलंही त्यांनाच सर्वांत जास्त कळे.

"हात वर, हात खाली, अन् हातात काईच न्हाई? ह्यो कसला येडेपना? बंद करा, न्हाईतर पोरं शाळंत येनार न्हाईत."

दुसऱ्या दिवशी मैदानात अकरा मुलं होती आणि म्हैस होती. तपासणी दहा दिवसांवर आलेली.

शेवटी रंगरावांनीच तोड काढली. व्यायाम कोंडाजींच्या राशीवर घ्यायचा. 'एक' म्हटलं की वाकायचं, 'दोन'ला कांदा उचलायचा, 'तीन'ला कंबर सरळ, 'चार'ला कांदा उजवीकडच्या पाटीत. मुलं परत आली. कोंडाजी तर इतके खूश झाले की तिसऱ्या दिवसापासून आकडे स्वतःच म्हणू लागले.

तपासणीला शिक्षण खात्याचे दिपोटी साहेब आले. त्यांना शाळेतली मूळची कवायतच दाखवायची होती, म्हणून मैदानाच्या उजव्या अंगाला त्यांची खुर्ची मांडली होती. शेजारच्या स्टुलावर त्यांनी आपली हॅट उताणी ठेवली. रंगरावांनी छाती भरून घेतली.

"एक!"

पोरं वाकली. सगळं ठीक होतं.

"दोन!"

हात वर जायला हवे होते. पोरांनी एकेक दगड उचलला. पण साहेबांसमोर थांबायचं कसं? रंगरावांनी दबकत 'तीन' म्हटलं. पोरं ताठ उभी राहिली. 'चार' त्यांनी म्हटलंच नाही. ते कुंपणापाशी उभ्या कोंडाजींनी म्हटलं, तेही खणखणीत.

साहेब खुर्चीमागून बाहेर आले तेव्हा हॅट दगडांनी काठोकाठ भरली होती.

"हा काय प्रकार आहे?"

"कांदं भरत्यात, साहेब," कोंडाजी कौतुकानं म्हणाले. "चला, दावतो."

राशीवर पोरं कोंडाजींच्या आकड्यांवर वाकत होती, पाट्या भरत होत्या. बघता बघता साहेबांचा राग उतरला. जाताना त्यांच्या जीपमध्ये कांद्याचं एक पोतंही चढलं.

महिन्याभरानं पत्र आलं.

"कार्यक्रम अत्यंत समाधानकारक," हेडमास्तर वाचू लागले. "व्यायामास श्रमाची जोड देण्याची शाळा समितीची कल्पना अनुकरणीय आहे. गावकरी स्वतःच कार्यक्रम चालवीत असल्यामुळे..." ते अडखळले.

"वाचा की."

"...स्वतंत्र ड्रिल शिक्षकाची आवश्यकता उरलेली नाही. सबब पद रद्द करण्यात येत आहे."

सात वर्षं काही केलं नाही, तेव्हा कुणी रंगरावांना हात लावला नव्हता. दीड महिना मनापासून शिकवलं आणि नोकरी गेली. त्यांना रडू येत होतं, आणि आपल्याला रडू येतंय याचाच जास्त राग येत होता.

बाहेर कोंडाजी वाट बघत होते.

"मास्तर, मोकळं झालात न्हवं? मग राशीवर या. गडी कमी पडत्यात."

दुसऱ्या दिवशी रंगराव राशीवर गेले. पोरांनी त्यांना पहिल्या रांगेत जागा करून दिली. सवयीनं त्यांनी छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं.

"आं हां, मास्तर," कोंडाजी म्हणाले. "आकडं मी म्हननार. एक!"

रंगराव वाकले.